डॅरिया हुमेनिकचं बदकछाप जॅकेट

स्वानबेंडच्या उत्तरेकडच्या खडीच्या रस्त्यावर एका पिकअपमागे माणूस फरपटत चाललाय, असा फोन पोलिसांना दर उन्हाळ्यात एकदा तरी जायचाच. फोन करणारा अर्थात परगावचा असायचा. गावातल्या कुणी ते पाहिलं असतं तर त्याने हातातला कॉफीचा मगसुद्धा खाली ठेवला नसता. "काही नाही हो, डॅरिया जॅकेट तपासतेय," एवढं म्हणून तो पुन्हा हवापाण्यावर बोलायला लागला असता.

त्या फरपटणाऱ्या माणसाच्या पोटात बटाटे असायचे. मोटारसायकलवर घालायचं नवं जॅकेट आणलं, की डॅरिया हुमेनिक त्यात पोतंभर बटाटे ओतायची, बाह्यांमध्ये लांबट बटाट्यांची एकेक रांग कोंबायची, गळ्यापर्यंत चेन ओढायची, बगलेखालून दोर बांधायची आणि पिकअप हाणायची. परत आल्यावर आधी जॅकेट नाही, बटाटे बघायचे. साल गेलेला बटाटा म्हणजे सोलवटलेलं कोपर. फुटलेला बटाटा म्हणजे काय, ते ती तोंडाने सांगायची नाही, नुसती मान हलवायची. पण तेवढ्यावर त्या जॅकेटाचं स्वानबेंडमधलं नशीब फुटायचं.

यासाठी ती प्रत्येक जॅकेट दोन-दोन घ्यायची. "स्वस्ताचा हाच तर फायदा," म्हणायची. "एक मारायला, एक मिरवायला."

डॅरियाने उभी हयात शाळेची पिवळी बस चालवली होती. सस्कॅचवानच्या त्या सपाट मुलखात, शेताशेतांवरून पोरं गोळा करत, डोळ्यांच्या पापण्या गोठतील अशा थंडीतही तिची बस कधी चुकली नाही. गावातल्या निम्म्या कर्त्यासवरत्या माणसांना तिने कधी ना कधी "खाली बस, नाहीतर चालत जा" असं सुनावलेलं होतं. अजूनही बँकेच्या रांगेत कुणी चुळबुळ केली, की मागून डॅरियाचं नुसतं खाकरणं ऐकून तो सरळ उभा राहायचा. रुंद खांदे, आखूड मान, आणि बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय लागलेला आवाज. कुजबुजणं तिला जमतच नसे. तिची गुपितं दोन घरं ओलांडून ऐकू जायची.

मोटारसायकल मूळची तिच्या नवऱ्याची, मायरॉनची. त्या गाडीबरोबर त्याने एक भारीतलं चामड्याचं जॅकेटही घेतलं होतं. मोटारसायकल त्याने भरपूर पिदाडली. जॅकेट मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कपाटात टांगून ठेवलं. "चांगल्या दिवशी घालीन," म्हणायचा. चांगले दिवस आले आणि गेले. मुलीचं लग्न झालं, गावच्या हॉकीच्या पोरांनी जिल्ह्याचा चषक आणला, एका वर्षी गहू तर असा आला की ठेवायला कोठारं पुरेनात. जॅकेट पिशवीतच. मग एका नोव्हेंबरात तो अंगणात बूट काढायला बसला, तो उठलाच नाही. डॅरियाने त्याला तेच जॅकेट घालून निरोप दिला. पाद्रीबुवांची भुवई वर गेली, तेव्हा ती म्हणाली, "फादर, त्याला ते चांगल्या दिवशी घालायचं होतं. आणि तुम्हीच तर म्हणताय, तो चांगल्या जागी चाललाय म्हणून."

त्या हिवाळ्यात ती फारशी कुणाकडे गेली नाही. वसंतात बर्फ वितळल्यावर तिने मोटारसायकल बाहेर काढली, शेताच्या बांधावर चारदा आडवी केली, पाचव्यांदा सरळ चालवली, आणि त्यानंतर महागाची वस्तू म्हणून घरात आणली नाही. "ज्यावर रस्सा सांडायची भीती वाटते," ती म्हणायची, "ते जॅकेट नव्हे, तो जावई. त्याला जपायचं, चारचौघांत मिरवायचं आणि आतून घाबरायचं."

गावात लांब पल्ल्याला जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यांचा एक कंपू होता. नाव 'गंजक्या खारी'. दर शनिवारी सकाळी कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, हॉलमध्ये नाश्त्याला जमायचं, अंडी-सॉसेज खायचं आणि एकमेकांच्या सामानाला नावं ठेवायची, हा त्यांचा कार्यक्रम. त्यात डॅरियाचा शेजारी लॉर्न किलब्राइड सगळ्यांत पुढे. लॉर्नने आयुष्यभर ट्रॅक्टर विकले होते, आणि प्रत्येक शेतकऱ्याला गरजेपेक्षा एक आकार मोठा विकला होता. "महाग ते टिकतं," हे वाक्य इतकी वर्षं दुसऱ्यांना ऐकवून शेवटी त्याचा स्वतःचाच त्याच्यावर विश्वास बसला होता.

त्या वर्षी डॅरियाने 'रोडगूज' नावाच्या कंपनीची दोन काळी जॅकेटं मागवली. जाड कापडाची, चामड्याची नव्हेत. बाहीवर उडणाऱ्या हंसाचा बिल्ला. किंमत अशी, की लॉर्न म्हणाला, "एवढ्यात माझ्या हेल्मेटची काचसुद्धा येत नाही."

आधी बैठकीची परीक्षा. डॅरियाचं म्हणणं, दुकानात आरशासमोर उभं राहिलं की सगळीच जॅकेटं गुणी असतात. खरं काय ते बसल्यावर बाहेर येतं. म्हणून ती सुताराच्या लाकडी घोडीवर टांग टाकून बसायची, हातात झाडूचा दांडा आडवा धरायची आणि तशीच तासन् तास रेडिओ ऐकायची. पाठीमागून जॅकेट वर चढून कंबर उघडी पडते का? बाह्या मनगट सोडतात का? कॉलर गळा कापते का? खिशात हात घालायला वाकडं व्हावं लागतं का? तिची नणंद स्टेफा समोर बसून पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडीच्या करंज्या, भरत असायची आणि मधूनच एखादी उकडलेली, आंबट मलईत बुडवलेली पेरोगी काट्याने तिच्या तोंडात द्यायची. रोडगूजने बैठक जिंकली. पाठीला, काखेत वारा यायला चेनी होत्या, खिसे सरळ होते.

मग बटाटे. पिकअप थांबवून डॅरियाने चेन उघडली आणि शिट्टी वाजवली. कोपराच्या, खांद्याच्या गाद्या जागच्या जागी. शिवण एकही उसवली नव्हती. बटाटे तर असे अखंड की बाजारात मांडावेत. ते तिने संध्याकाळी उकडले आणि लॉर्नलाच जेवायला बोलावून वाढले.

"छान आहेत," लॉर्न म्हणाला.

"रोडगूजमधले आहेत."

लॉर्न चावता चावता थांबला, मग त्याने शांतपणे घास गिळला. "बटाटा चांगला आहे म्हणून जॅकेट चांगलं होत नाही, बाई."

राहिली पाण्याची परीक्षा. एरवी ती अंगात जॅकेट घालून बागेच्या नळीखाली अर्धा दिवस उभी राहायची. पण त्या वर्षी पाऊसच नव्हता, तळी आटली होती, आणि गावाने नळीने पाणी उडवायला बंदी घातली होती. डॅरियाने फुलझाडांची झारी घेतली, स्टुलावर चढलेल्या स्टेफाने ती तिच्या डोक्यावर रिकामी केली. आत थेंब गेला नाही. "पास!" डॅरिया म्हणाली. बटाट्यांनी तिला जरा जास्तच हुरूप आणला होता.

शनिवारी नाश्त्याला तिने ते घालून मिरवलं. लॉर्नने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि बाहीचा बिल्ला निरखला.

"हंस म्हणे! याची मान कुठाय? हे बदक आहे."

"उडतंय ना?"

"पोहतंय. नीट बघ." त्याने टेबलावर सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मी हॉकबर्ग मागवलंय. जर्मन. अंगात घातल्याबरोबर कळतं. माणूसच वेगळा होतो."

"वेगळा झालास तर बरंच आहे."

"हस. पण डोळे बांधून अंगात घाला माझ्या, तरी सांगेन की हे हॉकबर्ग आणि हे बदक."

"डोळे बांधून?" डॅरियाने विचारलं.

"डोळे बांधून!"

डॅरियाने मान डोलावली आणि सॉसेज कापायला घेतलं. तिला ओळखणाऱ्यांनी इथेच सावध व्हायला हवं होतं.

हॉकबर्ग आलं तेव्हा लॉर्न डोळे तपासायला मुलीकडे रजायनाला गेला होता. त्याचा कुत्रा पोस्टमनला फाडून खायचा, म्हणून त्याची पार्सलं डॅरियाकडेच ठेवायची पद्धत होती. तिने खोकं टेबलावर ठेवलं, त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, आणि मग स्टेफाला फोन केला, "छोटी कात्री घेऊन ये."

दोन्ही जॅकेटं शेजारी मांडली. दोन्ही काळी, दोन्ही कापडी, दोन्हींचं माप एकच. ही गोष्ट लॉर्नला आणि डॅरियाला, दोघांनाही कधी कबूल झाली नसती. हॉकबर्गच्या बाहीवर चांदीच्या रंगाचा डोंगर, कॉलरच्या आत मोठं लेबल. डॅरियाने जीभ दातांत धरून टाका टाका उसवला.

"हे पाप आहे," स्टेफा म्हणाली आणि दिवा आणखी जवळ सरकवला.

"पाप नाही, परीक्षा आहे. त्यानेच मागितली. डोळे बांध म्हणाला. मी लेबलं बांधते."

"आणि कळलं तर?"

"तू सांगितलंस तरच कळेल. स्टेफा, माझ्याकडे बघ. सांगणार नाहीस ना?"

"मी कधी काही सांगते का?" स्टेफा म्हणाली. तिने आजवर गावातली तीन बारशी आणि एक साखरपुडा वेळेआधी फोडला होता.

रविवारपर्यंत डोंगर स्वस्तातल्या जॅकेटवर गेला आणि बदक भारीतल्यावर. लॉर्न आला, त्याने खोकं उघडलं, जॅकेट अंगात घातलं, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. "आहाहा," तो म्हणाला. डॅरिया भांडी घासायच्या निमित्ताने आत गेली आणि पदरानं नाही तरी फडक्यानं तोंड दाबून पोटभर हसली.

जूनमध्ये दरवर्षीप्रमाणे नेल्सनचा दौरा निघाला. पहाडांपलीकडे, कूटनी खिंडीच्या उतारावरच्या त्या गावात देशभरातले लांब पल्ल्याचे चालवणारे जमतात. स्वानबेंडहून तिघंच निघाले: लॉर्न, डॅरिया आणि आपल्या तीनचाकी मोटारसायकलवर स्टेफा. तिच्या मागच्या पेटीत घडीच्या खुर्च्या, स्टोव्ह, सूपचे डबे, लोकरी कपडे, आणखी काय काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

पहिला दिवस भट्टीसारखा तापला. रस्ता सरळ, वारा आडवा, आणि टोळ हेल्मेटवर ताडताड आपटत होते. पेट्रोलला थांबले की लॉर्न हात पसरून उभा राहायचा.

"बघ, हवा कशी खेळतेय! पाठीतून येते, काखेतून जाते. याला म्हणतात डोकं. बदकाचं काय?"

डॅरिया हॉकबर्गच्या आत उकडून निघाली होती. त्या जॅकेटला वाऱ्याच्या चेनी नव्हत्याच. ते पहाडातल्या हवेसाठी शिवलं होतं. घाम कंबरेपर्यंत उतरला होता. पण मन असं प्रसन्न, की विचारू नका. "बदक जरा गरम होतंय," ती पडेल आवाजात म्हणाली. "स्वस्तातलं आहे ना."

"मी सांगितलं होतं!" लॉर्न म्हणाला. "पण तुम्ही लोक ऐकत नाही."

स्टेफा एकदम पेट्रोलपंपाच्या मागे निघून गेली. तिच्या खांद्यांकडे बघून कुणालाही वाटलं असतं की बाई रडतेय.

रात्रीचा मुक्काम मेडिसिन हॅटला झाला. डॅरिया जेवून लवकर झोपली. नेल्सनला पोचल्यावर, पन्नास लोकांसमोर, लॉर्नच्या बाहीवरचा डोंगर कसा उसवायचा याचं चित्र रंगवत तिला गोड झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहाडांच्या तोंडाशी आभाळ खाली आलं, आणि पाऊस लागला. झिमझिम नव्हे, धोधो. गावाने वर्षभर वाट पाहिली तो सगळा पाऊस इथे साठून बसला होता की काय, कोण जाणे. तास गेला, दीड तास गेला. डॅरियाने मनात एकेक जागा चाचपून पाहिली. मान? कोरडी. मनगटं? कोरडी. पोटाशी, जिथे पाणी साचून हमखास आत झिरपतं, तिथे? उबदार. इतकी वर्षं मोटारसायकल चालवून पावसात ती अशी कोरडी कधीच राहिली नव्हती. आणि कोरडेपणाचा एवढा राग तिला जन्मात कधी आला नव्हता.

कारण पुढे लॉर्न होता. आधी त्याचे खांदे वर गेले. मग मान आत गेली. मग तो एका हाताने चालवू लागला आणि दुसरा हात इंजिनाशी धरू लागला. झारीभर पाणी अडवणारी शिवण तासभराच्या पावसापुढे टिकली नव्हती, हे मागून स्पष्ट दिसत होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं डॅरियाचं झालं.

क्रॅनब्रुकला कॉफीला थांबले. लॉर्नने जॅकेट काढलं नाही. तो खुर्चीत ताठ बसला, आणि त्याच्या खुर्चीखाली हळूहळू तळं जमू लागलं. वाढणारी मुलगी खाली वाकून बघत म्हणाली, "टेबलाखाली कुत्रं आहे का?"

"घाम आहे," लॉर्न म्हणाला.

"घाम?" डॅरिया म्हणाली. "या थंडीत?"

"जर्मन अस्तर फार उबदार असतं." त्याच्या हातातला मग बशीवर टकटक वाजत होता.

डॅरियाने घसा साफ केला. "लॉर्न, मला हे जॅकेट काखेत जरा लागतंय. अदलाबदल करू या का? नेल्सनपर्यंतच."

"माझं हॉकबर्ग? तुला? आणि मी ते बदक घालू?"

"जरा वेळ रे."

"छे छे. दिलेल्या पैशांचा थेंब न् थेंब मला वसूल करायचाय."

"थेंब?"

"सेंट. सेंट न् सेंट."

"अरे, बदक वाटतं तितकं वाईट नाही. मी बघ, आतून कोरडी आहे."

"असशील बाई. नशीब असतं एकेकाचं." लॉर्नने कॉफी तोंडाला लावली, निम्मी हनुवटीवरून गेली. "पण हॉकबर्गमध्ये जी मजा आहे... तुला नाही कळायची."

डॅरियाने टेबलाखालून स्टेफाला लाथ मारली, काहीतरी बोल म्हणून. स्टेफा खिडकीबाहेर बघत होती. सकाळपासून ती डॅरियाच्या नजरेला नजर देत नव्हती. पण डॅरियाला वाटलं, हसू आवरत नसेल.

क्रेस्टनला पेट्रोल भरताना तिने पुन्हा प्रयत्न केला. म्हणाली, मला हॉकबर्ग विकत घ्यायचंय, घालून बघायला दे. लॉर्न म्हणाला, "कंपनीला पत्र लिही." म्हणाली, तुझी पाठ ओली दिसतेय. लॉर्न म्हणाला, "चमक आहे ती कापडाची." म्हणाली, निदान इथे मुक्काम करू. लॉर्न म्हणाला, "हॉकबर्ग घालून माणूस पावसाला घाबरला, हे लोकांना कळलं तर कंपनी बुडेल." आणि तो मोटारसायकलवर बसला. बसताना जॅकेटातून 'फच्' असा आवाज आला.

खिंडीच्या चढावर पावसाचं बर्फमिश्रित चिखलपाणी झालं. डॅरिया मागून चालवत होती आणि हेल्मेटच्या आत स्वतःलाच शिव्या घालत होती. तो सत्तरीला आलेला माणूस. गेल्या हिवाळ्यात त्याला छातीचा त्रास झाला होता. औषधं तिनेच आणून दिली होती. तोंड उघडावं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल: बदक गळकं निघालं आणि वर लबाडीही पकडली गेली. न उघडावं तर म्हातारा गारठून मरेल. माथ्यावर तळ्याकाठी लाकडी निवारा आहे, तिथे तिने हॉर्न वाजवून सगळ्यांना थांबवलं.

लॉर्नला हेल्मेटचा पट्टा सुटेना. तिनेच सोडला. ओठ निळे पडले होते. डॅरियाने अंगातलं जॅकेट काढलं आणि त्या बर्फाच्या चिखलात नुसत्या स्वेटरवर उभी राहिली.

"घाल हे."

"ब-बदक? नाही."

"लॉर्न, मुकाट्याने घाल! हे तुझंच आहे. तू घातलंयस ते माझं. लेबलं मी बदलली. मी. स्वयंपाकघरात बसून, छोट्या कात्रीने, आणि त्या वेळी मला फार मजा आली. आता येत नाहीये. घाल, नाहीतर चालत जा!"

तिचा आवाज तळ्यापलीकडच्या झाडांवर आपटून परत आला. लॉर्नच्या निळ्या ओठांवर हसू पसरू लागलं.

"म-माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"सगळं. मेडिसिन हॅटपासून."

डॅरिया सावकाश वळली. स्टेफा तळ्याकडे टक लावून बघत होती, जणू त्यातून देवमासा वर येणार होता.

"स्टेफा!"

"त्याने मला ॲपल पाय खाऊ घातला," स्टेफा म्हणाली. "वर आइस्क्रीम घालून. आणि विचारलं, आज तू एवढी का हसतेस. मी काय करणार? माझ्या पोटात राहत नाही, तुला माहीत आहे. तरी मला सांगितलंस. म्हणजे चूक कुणाची?"

डॅरिया पुन्हा लॉर्नकडे वळली. "पाऊस लागायच्या आधीपासून तुला माहीत होतं? मग घातलंस कशाला, मूर्खा?"

"तू कधी तोंड उघडतेस ते बघत होतो."

"आणि मी उघडलंच नसतं तर?"

"नेल्सनला दवाखाना आहे."

ती त्याला हातमोज्याने मारायला धावली. मारला एक, आणि मग दुसरा मारता मारता तिला हसू फुटलं. लॉर्नलाही फुटलं, पण दात वाजत असल्यामुळे ते घोड्याच्या खिंकाळण्यासारखं आलं. तेवढ्यात स्टेफाने आपली पेटी उघडली, स्टोव्ह पेटवला, बीटाचं सूप चढवलं, आणि तळातून पिवळाजर्द, गुडघ्यापर्यंत येणारा मासेमारीचा रेनकोट ओढून काढला. तिच्या भावाचा, मायरॉनचा.

"हा तुझ्याकडे होता?" डॅरियाने विचारलं. "पाऊस सुरू असताना? पूर्ण वेळ?"

"मी देत होते. लॉर्न नको म्हणाला. म्हणाला, मजा जाईल."

सूप पिऊन लॉर्नच्या ओठांना रंग आला. त्याने स्टेफाचा लोकरी स्वेटर आणि त्यावर आपलं खरं हॉकबर्ग चढवलं, आणि रोडगूज पिळायला घेतलं. डॅरियाने ते त्याच्या हातून काढून घेतलं.

"इकडे दे. माझा माल आहे, मला बघू दे."

ओलं जॅकेट अंगात घातल्यावर तिच्या तोंडून जो शब्द निघाला, तोच उच्चारला म्हणून एका पोराला तिने शाळेच्या बसमधून खाली उतरवलं होतं. वरून तिने पिवळा रेनकोट चढवला, कंबरेला दोर बांधला आणि मोटारसायकल सुरू केली. खिंडीचा उतार अर्धा झाला तोवर आत ऊब धरली होती. वारा लागत नव्हता, नवं पाणी येत नव्हतं, आणि गाद्या होत्या तिथेच होत्या. पिवळ्या कोटात ती लांबून पळून चाललेल्या तंबूसारखी दिसत होती, पण थंडी तिला वाजत नव्हती.

तरी सर्दी झाली ती तिलाच. नेल्सनचे दोन्ही दिवस लॉर्न ठणठणीत हिंडला, डोंगर-बदकाची गोष्ट भेटेल त्याला सांगत सुटला, आणि प्रत्येक वेळी गोष्टीतला पाऊस थोडा वाढवत गेला. डॅरिया मोटेलच्या पलंगावर नाक पुसत पडली होती. संध्याकाळी तो तिच्यासाठी कोंबडीचं सूप घेऊन यायचा, आणि दारातून आत येण्याआधी विचारायचा, "हे खरं सूपच आहे. लेबल बघणार का?"

"ठेव आणि जा," डॅरिया म्हणायची. सूप मात्र सगळं संपवायची.

परतीला ऊन पुन्हा कडक लागलं. पहाड मागे पडले तशी लॉर्नची चुळबुळ सुरू झाली. एका पेट्रोलपंपावर तो डॅरियाजवळ आला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "ते... तुझं वाळलं का?"

"काय?"

"ते. हवा खेळायची त्यात."

"काय नाव त्याचं?"

लॉर्नने आधी टाकीचं झाकण दोनदा घट्ट केलं. "रोडगूज."

"बिल्ल्यावर काय आहे?"

"हंस," लॉर्न म्हणाला. "चांगला हंस आहे. जरा मान आखूड आहे, एवढंच."

तिने दिलं. पुढे ढग दिसले की ती हॉकबर्ग घ्यायची आणि तो नाइलाजाने पिवळ्या कोटात शिरायचा. ऊन पडलं की रोडगूज कुणी घालायचं यावरून भांडण व्हायचं. स्टेफा पंच. तिने दोघांकडूनही ॲपल पाय खाऊन घेतला.

शनिवारी कर्लिंगच्या हॉलमध्ये नाश्त्याला गर्दी झाली होती, कारण स्टेफा आदल्याच दिवशी गावभर फिरून आली होती. डॅरिया उभी राहिली. नाक अजून लाल होतं.

"रोडगूज," ती म्हणाली. "घसरलात तर कातडी वाचवेल, बटाटे साक्षीला आहेत. बैठक उत्तम, उन्हात उत्तम, खिसे सरळ. चेन हातमोजे घालून ओढता येते. पावसात तासभर. त्यानंतर ते जॅकेट नाही, न्हाणीघर आहे. झारीने परीक्षा घेणारी बाई मूर्ख होती. पण वरून मासेमारीचा सैल रेनकोट घातलात, तर नेल्सनपर्यंत कोरडे जाल, आणि दोन्ही मिळूनही हॉकबर्गच्या एका बाहीइतके पैसे लागणार नाहीत. ज्याला ते ध्यान अंगावर चढवायची लाज वाटते, त्याने हॉकबर्ग घ्यावं. हॉकबर्ग वाईट नाही." शेवटचं वाक्य ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?" लॉर्नने कानामागे हात धरला. "ऐकू आलं नाही!"

"हॉकबर्ग वाईट नाही!"

"लिहून घ्या रे कुणीतरी!"

"पण उन्हात ते भट्टी आहे," डॅरिया म्हणाली, "आणि तू स्वतःच्या तोंडाने रोडगूज मागितलंस, तेही सगळ्यांना सांगते."

नाश्त्याला त्या दिवशी एक नवं जोडपं आलं होतं. नुकतेच गावात राहायला आलेले, दोघंही तरुण, मोटारसायकली घ्यायच्या म्हणून उत्सुक. त्यांनी भाबडेपणाने विचारलं, "मग आम्ही नेमकं कोणतं जॅकेट घ्यावं?"

डॅरिया म्हणाली रोडगूज, लॉर्न म्हणाला हॉकबर्ग. मग लॉर्न म्हणाला उन्हासाठी रोडगूज, तर डॅरिया म्हणाली खिंडीसाठी हॉकबर्ग. लॉर्न म्हणाला बाई आता पलटली, डॅरिया म्हणाली पलटला तो तू. स्टेफाने मध्येच तीनचाकीचे गुण गायला सुरुवात केली. अंडी गार झाली, हॉल झाडायला बाई आली, तिने त्यांच्या पायांखालून झाडू फिरवला, तरी वाद चालूच होता. त्या जोडप्याने बराच वेळ दोन्हीकडे माना वळवून ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं, आभार मानून दोघं निघून गेले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी एक जुनी मोटारगाडी घेतली.